लाइट असेपर्यंतचं बोलणं

अहो,

लाइट आली म्हणून तुमच्या खुर्चीत बसले आहे. तुम्ही असतात तर भुवया वर गेल्या असत्या. या खुर्चीत घरातलं दुसरं कुणी बसलेलं तुम्हाला खपायचं नाही. पाहुण्यालासुद्धा तुम्ही स्टूल पुढं करायचात. तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. सुधीर गेल्या आठवड्यात पुण्याला परत गेला. पिशवी खांद्याला अडकवून दारात उभा राहिला आणि या टेबलाकडं बघत म्हणाला, "आई, आता तरी हा डबा काढायचा ना?" मी म्हटलं, "बघू." तुम्ही होतात तेव्हाही या प्रश्नाला आपल्या घरात हेच उत्तर होतं. बघू बघू करत आपण बसलो आणि निर्णय व्हायच्या आत तुम्ही उठून गेलात.

डबा, म्हणजे तुमचा कॉम्प्युटर, अजून तस्साच आहे. बटण दाबलं की आधी त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो, मग पडदा निळा होतो, मग काळा, मग परत निळा. तेवढ्या वेळात माझी डाळ शिजते, असं मी तुम्हाला चिडवायची. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात तो हिरवा डाग आता आणखी पसरलाय. तुम्ही कळांवर चिकटवलेली मराठी अक्षरं बरीचशी पुसली गेली आहेत, आणि मी एका बोटानं त्यांचा माग काढत तुमच्याशी बोलते आहे. चुका होतील. पोटात घाला. घालणार नाही तुम्ही, ते मला माहीत आहे.

तुम्ही चूक सोडणारा माणूसच नव्हतात. परतुरातल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या ज्या पोरापोरींनी सरकारी नोकरीसाठी टायपिंग शिकलं, ते सगळे या समोरच्या खोलीतून गेले. कुंभार पिंपळगावची, माझ्या माहेरची पोरं तर मामाकडं आल्यासारखी यायची. मी मधल्या खोलीत स्वयंपाक करायची आणि भिंतीपलीकडं मशीनं पावसाळी पत्र्यासारखी वाजत राहायची. परीक्षा जवळ आली की तुम्ही हातात घड्याळ धरून बसायचात आणि मला उतारा वाचायला लावायचात. चौथी शिकलेली बाई बी.ए. झालेल्या पोरांना उतारा सांगते, याची मला लाज वाटायची. तुम्ही म्हणायचात, "वाच गं तू. तुझ्यावानी सपष्ट कुणी वाचत न्हाई." माझं वाचनाचं वेड तुम्हीच लावलंत. लग्नपत्रिकेचं प्रूफसुद्धा माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय तुम्ही छापायला देत नव्हतात. मराठी अक्षर असेल तर ते कितीही किरटं असू द्या, मी वाचते. एवढा भरवसा तुमचा होता आणि माझाही.

इंग्रजीचं मात्र एकच मशीन होतं, मागच्या बाजूला. त्यावर शिकणारे थोडे. ते पहिल्या धड्याला घोकत राहायचे, ए एस डी एफ, मग सेमीकोलन एल के जे. मला त्यातलं अक्षरही ओळखू यायचं नाही, पण चाल अशी पाठ झाली होती की फोडणी देताना मीही म्हणायची, ए एस डी एफ, आणि मोहरी टाकायची. तुम्ही भिंतीपलीकडून ओरडायचात, "सुमन, फीस भर मंग!"

मग लोक म्हणायला लागले की आता कॉम्प्युटरचा जमाना आला, मशीनला कोण विचारतंय. तुम्ही कॉम्प्युटरचं नाव काढू देत नव्हतात. अबोला धरला होतात त्या वस्तूशी, घरात यायच्या आधीच. तेव्हा मीच पाठपुरावा केला होता ना? "घ्या म्हणते मी, पोरं दुसरीकडं चाललीत." शेवटी आणलात. पहिले काही दिवस त्याच्यावर पंचा टाकून ठेवलात, आणि नंतर त्याला सोडून तुम्ही जेवायलाही उठेनासे झालात. नवी वस्तू म्हटली की तुम्ही आधी नाही म्हणायचं, मी भांडायचं आणि मग तुम्ही तिच्याच प्रेमात पडायचं, अशी आपली रीत होती. म्हणूनच दुसऱ्या खेपेला, सुधीरनं ते नवं यंत्र आणलं तेव्हा, मला वाटलं, हेही तसंच होईल.

तुमच्या घशात गाठ निघाली तेव्हा औरंगाबादच्या डॉक्टरांनी काहीच लपवलं नव्हतं. जीव ठेवायचा तर आवाज द्यावा लागेल, म्हणाले, आणि गाठ मानेतल्या शिरांना धरून आहे, उजवा हातही कमजोर होऊ शकतो. दोन्ही झालं. घरी आलात त्या दिवशी उंबऱ्यात थांबून तुम्ही काहीतरी म्हणालात. ओठ हलले आणि नुसती हवा आली. मी आत पळाले. पदर तोंडात धरून उभी होते तेवढ्यात बाहेरून कळांचा आवाज आला, थांबत थांबत, एका हाताचा. डाव्या हाताच्या वाटणीची अक्षरं पटकन यायची आणि उजव्या हाताच्या वाटणीची शोधत शोधत. बाहेर येऊन बघते तर पडद्यावर लिहिलेलं, "प्रति, सौ. सुमन यांस. विषय : चहाबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदारास चहाची नितांत आवश्यकता आहे. तरी विनाविलंब कार्यवाही व्हावी." हसावं का रडावं कळेना. मी दोन्ही केलं, आणि चहात साखर टाकायची विसरले.

बोलताना तुम्ही आमच्यासारखंच करून राह्यलो, जाऊन राह्यलो म्हणायचात. पण बोटं कळांवर पडली की तुमच्या अंगात तहसील कचेरी संचारायची. विषय : आमटीत मीठ नसल्याबाबत. विषय : शेजारी रेडिओ मोठ्याने लावत असल्याबाबत. मी आतूनच ओरडायची, "अर्ज फेटाळला!" घरात पुन्हा कुणीतरी बोलायला लागलं होतं. एका सकाळी मात्र पडद्यावर एवढंच होतं, "विषय : तू रडतेस त्याबाबत." खाली मजकूर नव्हता. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसला होतात. मी खांद्यावर हात ठेवला आणि आपण दोघं तो कोरा भाग बघत राहिलो.

यातलं काहीच उरलेलं नाही. विद्यार्थ्यांना तुम्ही सारखं सांगायचात, सेव्ह करा, सेव्ह करा. पण स्वतःचं बोलून झालं की पान पुसून टाकायचात. मी एकदा विचारलं तर लिहिलंत, "बोलणं कोणी साठवतं का?" तेव्हा मला ते पटलं. आता हा डबा पालथा घातला तरी त्यात तुमचा एक शब्द सापडत नाही. लोकांच्या लग्नपत्रिका आहेत, पाच-पंचवीस, सगळ्या.

आणि लोडशेडिंग. लाइट गेली की घरातला पंखा बंद पडायचा, फ्रीज बंद पडायचा आणि तुम्ही. टेबलाखालची ती बॅटरीची पेटी म्हातारी झाली होती. चार वेळा शिटी मारायची आणि जीव सोडायची. वाक्य अर्धं असलं तर अर्धंच. मग पाटी. डाव्या हातानं पाटीवर लिहायला तुम्हाला मरणाची लाज वाटायची. अख्ख्या तालुक्याचे अर्ज ज्यानं देखणे करून दिले त्याचं अक्षर बालवाडीतल्या पोरासारखं वेडंवाकडं उमटायचं. "पाणी" आणि "चहा" सोडून तुम्ही पाटीवर काही लिहिलं नाहीत, आणि तेही मी वाचलं न वाचलं तोच पुसून टाकायचात. बाकी सगळं बोलणं लाइट यायची वाट बघत पोटात धरून बसायचात. त्या वेळात मी तुमच्यासमोर बसून उगीच बोलत राहायची, भाजीचं, शेजारणीचं, काहीही. तुम्ही ऐकायचात आणि पाटी उपडी करून ठेवायचात.

दिवाळीला सुधीर तो पामटॉप घेऊन आला. तळहातावर मावेल एवढं यंत्र. बॅटरीवर चालणारं, टोकदार काडीनं त्यावर अक्षरं टिचकवायची. तुम्हाला तेव्हा खुर्चीत फार वेळ बसवत नव्हतं. मधल्या खोलीत ना वारा ना उजेड, म्हणून तुमची खाट समोरच्या खोलीत खिडकीपाशी आणायची होती, आणि तिथं हे टेबल. सुधीरनं टेप लावून मोजलं. "एकच काहीतरी राहील. टेबल तरी न्हाई तर खाट तरी," तो म्हणाला. "आणि बाबा, हा डबा आता दुरुस्तीच्या पलीकडं गेलाय. त्याच्या जागी हे घ्या. खाटेवर पडल्या पडल्या बोला. लाइट असो नसो."

तुम्ही खुर्चीत सरसावून बसलात आणि एकच शब्द टाइप केलात, "मराठी?"

"मराठी न्हाई येत यात अजून. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. मोबाइलवर सगळे तसंच लिहितात आता."

मग त्यानं यंत्र धरलं आणि तुम्ही काडीनं टिचकवून बघितलंत. तो वाचायचा आणि हसायचा, उत्तर द्यायचा. बापलेकांचं चांगलं रंगलं होतं. बऱ्याच दिवसांनी तुम्ही मान मागं टाकून हसलात, आवाज न करता. मी शेंगा फोडत बसले होते. विचारलं, "काय म्हणले?" सुधीर म्हणाला, "काही न्हाई आई, पुण्याच्या ट्रॅफिकचं." तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि काडी खाली ठेवलीत.

तो गेल्यावर आपलं भांडण झालं. खरं तर मीच भांडत होते आणि तुम्ही कळा दाबत होतात. मी म्हटलं, "घ्या ना ते. लाइट गेली की दगडावानी बसून राहता, मला बघवत न्हाई." तुम्ही लिहिलंत, "नको." मी म्हटलं, का नको, तुमचं नेहमीचंच आहे, याच्याही वेळेस नकोच होतं. तुम्ही पुन्हा, "नको." मी म्हटलं, कारण सांगा. मग लिहिलंत, आणि त्यात महोदया नव्हतं, उपरोक्त नव्हतं, "तुला वाचता येणार न्हाई."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "मंग शिकंल की! मला काय अक्कल न्हाई का?"

"या वयात?" तुम्ही लिहिलंत. आणि पुढं आणखी काहीतरी लिहायला घेतलंत, बोट कळेवर होतं, तेवढ्यात लाइट गेली. पेटीनं चार शिट्ट्या मारल्या. अंधाऱ्या काचेत आपली दोघांची तोंडं दिसत होती. पुढचं वाक्य काय होतं? लाइट आल्यावर तुम्ही ते लिहिलं नाहीत आणि मी रागात विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं, "विषय : दाढीच्या गरम पाण्याबाबत." मीही मग अर्ज फेटाळला म्हटलं आणि पाणी तापवलं. भांडण तिथंच राहिलं, अर्धं.

आता रागावू नका, एक सांगते. दुपारी तुमचा डोळा लागला की मी मागच्या खोलीत जायची. तिथं ते इंग्रजीचं मशीन धूळ खात होतं. फीत वाळून गेलेली, कागद नाही. पण मला कागद कशाला लागत होता? मधल्या ओळीच्या पहिल्या कळेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, ए. पुढची एस. मग डी, एफ. कळांवर अक्षरं कोरलेली होतीच आणि चाल माझ्या कानात होती. तुमच्या पोरांनी इतकी वर्षं भिंतीपलीकडून मला फुकटात शिकवून ठेवलं होतं, फक्त अक्षरांची तोंडं बघायची राहिली होती. वरच्या आणि खालच्या ओळींचे धडेही असेच ऐकलेले, तेही सगळे पाठ केले. कळ दाबताना आवाज होऊ नये म्हणून नुसतं बोट टेकवायची. मग रस्त्यावरच्या पाट्यांवर परीक्षा घेतली स्वतःची. मेडिकलची पाटी वाचली तेव्हा मी रस्त्यात उभी राहून हसले. तुम्हाला काही सांगितलं नाही. या वयात म्हणाला होतात ना? मला तुमची जिरवायची होती, आणि जिरवून झाल्यावर तुमच्यासमोर तो पामटॉप धरून बसायचं होतं.

सुधीर फोनवर विचारायचा, ठरलं का? मी म्हणायची, बघू. तुम्ही म्हणायचात, म्हणजे लिहायचात, बघू. खाट मधल्या खोलीतच राहिली आणि टेबल टेबलाच्या जागी. लाइट आली की मी तुम्हाला उशीच्या आधारानं इथं आणून बसवायची, आणि आणता आणताच तुम्ही इतके दमायचात की दोन ओळींत मान टेकवायचात. अर्जही आखूड झाले. विषय उरला, मजकूर गेला. मी बघत होते. काय करता येत होतं मला? डबा ठेवला तरी तुम्ही गप्प होत चालला होतात आणि काढला असता तरी.

त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. तुमचा श्वास लागला. तुम्ही टेबलाकडं बोट केलंत, मी म्हटलं, "लाइट न्हाई हो." पाटी दिली तर पेन्सिल बोटांतून निसटली. शेजारच्या शाहीननं जीप बोलावली. सुधीर फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाला, "आई, पामटॉप सोबत घे. चार्ज केलेला आहे ना? डॉक्टरांनी काही विचारलं तर बाबांना सांगता येईल." त्यानं सांगून ठेवलं होतं तसा मी तो लाइट असेल तेव्हा लावून ठेवायची. पिशवीत टाकला, पाण्याचा तांब्या घेतला आणि जालन्याच्या दवाखान्याकडं निघालो. तुम्ही शेजारच्या गल्लीत जाताना सुद्धा "येतो" म्हणणारे. त्या दिवशी उंबऱ्यात तुमचे ओठ हलले का ते मी बघितलं नाही. तुम्हाला धरून उतरवण्यातच माझं लक्ष होतं.

वाटूर फाटा मागं पडला तेव्हा तुम्ही माझ्या पिशवीला हात लावलात. मी पामटॉप काढला, दोन्ही हातांत धरला, तुमच्या छातीपाशी. तुम्ही मान हलवलीत, नको. म्हणजे तेव्हासुद्धा तुम्हाला तेच वाटत होतं, की हिला वाचता येणार नाही. मग मी सांगितलं. "मी शिकलेय. तुमच्या मागच्या मशीनवर. ए एस डी एफ. लिहा तुम्ही." अहो, तुमचे डोळे! मशीनवर पहिल्यांदा न बघता टाइप करणाऱ्या पोराकडं तुम्ही बघायचात ना, तसे तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं, जिरवली. वाटलं, आता बोलू आपण, दवाखान्यात, रस्त्यात, अंधारात, कुठंही.

तुम्ही काडी धरलीत. जीप हलत होती, मी हात घट्ट धरले. पहिलं अक्षर उमटलं आणि मी डोळे बारीक करून बघितलं. हे अक्षर मशीनवर नव्हतं. कळांवर सगळी मोठी, सरळ उभी अक्षरं असतात, पाट्यांवरही तीच होती. हे वेगळंच होतं, ओळीच्या खाली शेपटी लोंबलेलं. दुसरंही मला ओळखू येईना, तिसरंही. इंग्रजीत मोठ्या अक्षरांची पिल्लं असतात आणि ती आईबापांसारखी दिसत नाहीत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुम्ही लिहून झाल्यावर माझ्या तोंडाकडं बघत राहिलात. वाचण्याची वाट बघत. पुढं जीपवाला होता, त्याला कदाचित वाचता आलं असतं. माझा हात पुढं गेला आणि माघारी आला. इतक्या आनंदानं तुम्ही माझ्याकडं बघत होतात. मी मान हलवली. म्हटलं, "हो. हो."

तुमचा जीव शांत झाल्यासारखा वाटला. काडी सोडलीत आणि हात माझ्या हातावर ठेवलात. डोळे मिटलेत. जीपवाला म्हणाला, "काकू, आलंच बरं का जालना, जल्दीच पोचू." तुम्ही तेवढंही थांबला नाहीत.

मी कशाला हो म्हटलं?

तुम्हाला घरी आणलं आणि इथंच निजवलं, समोरच्या खोलीत, खिडकीपाशी. टेबल कुणी हलवलं नाही. सतरंजी थोडी तिरपी टाकली आणि मावलं सगळं, तुम्हीही आणि डबाही. सुधीरची टेप काय मोजत होती कुणास ठाऊक. तो पुण्याहून येऊन पोचला होता; मी त्याच्याकडं बघितलं, तोही तेच बघत होता, आणि मग भिंतीला धरून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "आई, बाबांनी काही लिहिलं होतं का? दे, मी वाचतो." मी दिला नाही. म्हटलं, "ते माझ्याशी बोललेत. मीच वाचणार." "अगं पण..." "बिलकुल न्हाई. मी वाचल्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाई." त्याला वाटलं, आईचं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला निजवलं होतं त्या जागी दिवा लावला होता, त्याच्याशेजारी मी तो पामटॉप ठेवला. तुमचं बोलणं त्यात होतं, मग तुमच्याच जागी नको का? दिव्याला दिवसातून कितींदा तरी तेल घालायची. कुणी भेटायला आलं तरी माझी नजर वातीवर. तेराव्यापर्यंत विझू द्यायचा नाही म्हणतात, मी विझू दिला नाही.

दुपारी माणसं पांगली की शाहीन यायची. ती इंग्रजी शाळेत लहान पोरांना शिकवते. तिला म्हटलं, मला पिल्लं शिकव. ती आधी हसली, मग माझं तोंड बघून मुकाट्यानं पाटी घेतली, तुमचीच. "भाभी, देखो, ये छोटी बी, इसका पेट इधर. और ये डी, इसका पेट उधर. और ये सब नीचे लटकनेवाले." मी गिरवत राहिले. लोक म्हणत असतील, नवरा गेला आणि ही पाटीवर रेघोट्या ओढत बसली. म्हणू देत. कधीच कुठल्या परीक्षेसाठी मी असा अभ्यास केला नव्हता.

तेराव्याच्या संध्याकाळी पाहुणे गेले. मी हातपाय धुतले, चष्मा पुसला, दिव्यापाशी बसले आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. सुधीर धावत आला, त्यानं यंत्र हातात घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला. चार्जरला लावलं. लाइट होती, त्या दिवशी नेमकी होती. थोड्या वेळानं काच उजळली आणि त्यावर एक शब्द आला. मी अक्षर अक्षर जुळवून वाचला. वेलकम. इंग्रजीतला मी वाचलेला पहिला पिल्लांचा शब्द.

"हे काय?" मी विचारलं. "याच्या आत असंल ना ते?"

सुधीर जमिनीवरच बसला होता. "न्हाई आई. याची बॅटरी पुरी उतरली की आतलं सगळं जातं. नव्यासारखं होतं ते. मी तुला सांगायला पाहिजे होतं... मी कुठं भानावर होतो."

"बंद होतं की ते. बंद असलेल्या वस्तूची बॅटरी कशी उतरंल?"

"बंद असलं तरी उतरते."

दिवा शेजारी जळत होता, काठोकाठ तेल. दोन्ही एकमेकांना लागून ठेवलेले. एकाची मी वात सोडली नाही आणि दुसऱ्याला काही लागत असेल हे माझ्या मनातही आलं नाही. मी ओरडले नाही की रडले नाही. हसू आलं, खरंच सांगते. तुम्ही असतात तर लिहिलं असतंत, विषय : सेव्ह न केल्याबाबत.

मग रडले.

तेव्हापासून एकच चाळा लागलाय. डोळे मिटून ती जीप आठवायची आणि ती काच. बाकीची अक्षरं मला आठवत नाहीत, बघितली तेव्हाच ती माझ्यासाठी नुसत्या मुंग्या होत्या. पण पहिलं आठवतं. खाली शेपटी होती आणि डोक्यावर टिंब नव्हतं. शाहीननं शिकवलेल्या लोंबणाऱ्यांपैकी मग तीनच उरतात ज्यांनी आपल्या भाषेत तुम्ही काही म्हणाला असाल. जी असेल, पी असेल नाही तर वाय असेल. जी असेल तर घरी म्हणाला असाल. पी असेल तर पाणी. वाय असेल तर येतो. आणखी शंभर शब्द असतील, पण माझं मन या तिघांपुढं जातच नाही.

पाणी असेल, हे सगळ्यात वाईट. तांब्या माझ्या पायाशी होता. तुम्ही पाणी मागितलं, मी हो हो म्हटलं आणि पाणी दिलंच नाही. पण मग तुम्ही माझ्याकडं तसं समाधानानं का बघितलं असतंत? तहानलेला माणूस असा डोळे मिटत नाही, असं मी स्वतःला समजावते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या दिसतो आणि सगळं मुळापासून सुरू होतं. सुधीरला विचारून काय उपयोग, शाहीनला विचारून काय उपयोग? ज्यांना वाचता येतं त्यांच्यापुढं आता वाचायला काही नाही.

सुधीर पामटॉप इथंच ठेवून गेला. मी तो रोज चार्ज करते, कशासाठी ते विचारू नका. हा डबाही इथंच राहील. त्याचा पंखा कधी बंद पडेल सांगता येत नाही, पण तोवर मला मराठीत बोलायला दुसरी जागा नाही. पेटीनं आत्ता एक शिटी मारली, म्हणजे लाइट गेली, अजून तीन बाकी आहेत. सेव्ह करते आहे, दर ओळीला. तुम्ही तेवढं तरी शिकवलंत.

तुमच्या बोलण्याला मी न वाचता हो म्हटलं होतं. आता तिन्हींची उत्तरं देऊन ठेवते, तुमचं जे असेल ते तुम्ही उचला. पाणी म्हणाला असाल, तर दिव्याच्या जागी मी रोज सकाळी तांब्या भरून ठेवते, ताजं. घरी म्हणाला असाल, तर घरीच आणलं तुम्हाला, खिडकीपाशी, तुमच्या टेबलाजवळ.

आणि येतो म्हणाला असाल, तर या.